बर्फाच्या कारखान्यातली डबी

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली आहे.

तिने ती मला दोनदा सांगितली. एकदा घडली त्याच आठवड्यात आणि एकदा आत्ता, बऱ्याच महिन्यांनी. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. मग मी ड्रायव्हरकाकांना एकटं गाठून विचारलं. ते त्या दिवशी तिथे होते. त्यांनीही तेच सांगितलं.

त्यानंतर मात्र माझी हसण्यावारी न्यायची हिंमत झाली नाही.

मागच्या थंडीतला रविवार होता. दिवेलागणीची वेळ. जागा म्हणजे गावाबाहेर, ट्रकच्या गॅरेजांच्या मागे, बंद पडलेला बर्फाचा कारखाना.

आधी मावशीबद्दल सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मावशी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. दिवसभर समोर प्लास्टरचे साचे, मेण आणि बारीक कानशी. एखादा दात केसभर उंच असला तरी तिच्या नजरेतून सुटत नाही. लग्न केलं नाही, कुणाचं ऐकून घेतलं नाही, आणि हरणं तर तिला जन्मात जमलं नाही. लहानपणी आमच्याबरोबर पत्ते खेळायची तेव्हासुद्धा कधी मुद्दाम हरली नाही. आम्ही रडायचो. ती म्हणायची, "रडा, पण पत्ते नीट पिसा."

अशा बाईला कुणीतरी जिओकॅशिंगचा नाद लावला.

साध्या भाषेत सांगायचं तर लपवलेली डबी शोधायचा खेळ. कुणीतरी एक डबी लपवतं. पुलाच्या कठड्याखाली, बागेतल्या बाकामागे, झाडाच्या ढोलीत, कुठेही. त्या जागेचे आकडे मोबाईलवर टाकतं. बाकीच्यांनी जाऊन शोधायची, आतल्या चिठ्ठीवर सही करायची आणि डबी होती तशी परत ठेवायची. बक्षीस काही नाही. पण नवी डबी जो सगळ्यात आधी शोधतो, त्याचा मान मोठा.

त्या मानासाठी मावशी वेडी झाली होती. मोबाईल वाजला की हातातला घास ताटात टाकून निघायची. पायात घरातल्या चपला असायच्या, पण टॉर्चमध्ये सेल मात्र नवे.

तिच्या तोडीचा गावात एकच माणूस. ड्रायव्हरकाका.

काकांनी आयुष्यभर सिटी बस चालवली. गावातली प्रत्येक गल्ली त्यांना पाठ. रिटायर झाल्यावर वेळ जाईना म्हणून ते या खेळात आले आणि मावशीच्या आधी पोचायला लागले. वर स्वभाव इतका गोड की मावशीला भांडायलाही जागा सापडेना. तिला डबी आधी सापडली तर ते मनापासून म्हणायचे, "वा ताई, झकास." मावशी त्यांच्या पहिल्या डबीला कधी झकास म्हणाली नाही. घरी येऊन कुकरची शिट्टी जोरात आपटायची फक्त.

त्याच थंडीत दोघांचं बिनसलं.

झालं असं, की एका डबीपाशी काका आधी पोचले. त्यांना दिसलं की मावशी धापा टाकत चढ चढून येतेय. त्यांनी डबी उघडली नाही. बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही करा पहिली सही. मी थांबलो होतो."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला दान नको काका. हरवायचं तर सरळ हरवा."

"अहो, खेळच आहे ताई."

"म्हणूनच म्हणते."

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. कुठे समोरासमोर आले तर काका मान हलवायचे. मावशी मोबाईलमध्ये बघायची.

आता त्या रविवारी…

मावशी गच्चीवरचे कपडे काढत होती. मोबाईल वाजला. नवी डबी. लपवणाऱ्याचं नाव ओळखीचं नव्हतं. खाली एका ओळीची सूचना होती.

पहिल्याने दुसऱ्यासाठी थांबावं.

मावशीला वाटलं, हा काकांचाच टोमणा. दुसऱ्या नावाने डबी लपवून आपल्याला डिवचतायत. ओले-सुके कपडे तसेच खाटेवर टाकून तिने स्कूटर काढली.

कारखान्यापाशी आली तेव्हा उजेड उतरत होता. शेजारच्या गॅरेजमध्ये कुणीतरी पत्र्यावर हातोडा मारत होतं. ठण… ठण… ठण… काकांची स्कूटर कुठे दिसली नाही. मावशी खूश झाली. आज आपणच पहिले.

लोखंडी फाटक एक माणूस आत जाईल इतकंच उघडं होतं.

ती अंग चोरून आत शिरली. मोबाईलवरचा बाण सरळ समोर दाखवत होता. एक बोळ, मग मशीनची खोली. मशीन कधीच कुणी नेलेली, नुसते सिमेंटचे ओटे उरलेले. त्याच्या पुढे एक मोठा दरवाजा.

तिने त्या दरवाजातून आत पाऊल टाकलं…

आणि हातोड्याचा आवाज बंद झाला.

थांबला असं नाही, ती म्हणाली. एक ठोका अर्धाच ऐकू आला. कुणीतरी कानावर उशी दाबावी तसा.

समोर लांबलचक हॉल होता. इथेच पूर्वी बर्फाच्या लाद्या बनायच्या. खाली मिठाच्या पाण्याचं मोठं टाकं, त्यात पत्र्याचे डबे सोडलेले आणि वर लाकडी झाकणं. ती झाकणं एकाला एक लावून बसवलेली असतात, म्हणून हॉलची जमीनच लाकडाची वाटते. कामगार त्याच्यावरूनच चालत.

मावशीने पायाने दाबून पाहिलं. झाकण घट्ट होतं.

ती चालायला लागली. वरच्या झरोक्यांतून राखाडी उजेड येत होता. पायाखाली पोकळ आवाज. धप… धप… तोंडातून वाफ निघत होती. बाहेर थंडी होती, पण इतकी नव्हती.

हॉलच्या मधोमध आल्यावर बाण गरगर फिरायला लागला. म्हणजे डबी जवळच.

ती वाकली.

तेवढ्यात कुणीतरी खाकरलं.

हळूच. कुणाच्या घरी गेल्यावर आपण दारात खाकरतो ना, तसं.

मावशीने वर पाहिलं. समोरच्या भिंतीपाशी एक माणूस उभा होता. अंगात स्वेटर, हात मागे बांधलेले. तोंड अंधारात.

"या," तो म्हणाला.

मावशीच्या मनात भीती आली नाही. राग आला. आपल्या आधी कुणीतरी पोचलं होतं.

"तुम्ही पहिले का?" तिने विचारलं.

"हो. पण मी डबी उचललेली नाही. तुम्ही घ्या. मी थांबलो होतो."

आवाज अगदी सभ्य. शिकल्या-सवरल्या माणसाचा.

मावशीने टॉर्च त्याच्याकडे वळवला.

उजेडात ओली भिंत दिसली… भिंतीवरचे पोपडे दिसले… माणूस दिसला नाही.

टॉर्च खाली केला. तो तिथेच होता.

तेव्हा तिच्या लक्षात आलं की तो बोलला तेव्हा त्याच्या तोंडातून वाफ निघाली नव्हती.

"कधीपासून थांबलाय?" मावशीचा आवाज बारीक झाला होता.

"कुणी आलंच नाही हो." तो जरासा हसला. "आता तुम्ही आलात. मग… मी निघू का?"

मावशी सांगते, त्या प्रश्नात इतका थकवा होता की कुणीही पटकन हो म्हणालं असतं. बसमध्ये कुणी विचारतं ना, मी इथे बसू का, आणि आपण विचार न करता सरकतो, तसं. तिच्या ओठांवर हो आलंसुद्धा होतं.

पण मावशी शेवटी मावशी. आयतं दिलेलं तिला चालत नाही.

"तुम्ही आधी आलात, तर सही तुमची," ती म्हणाली. "मला दान नको."

पायाखाली कुठेतरी पाणी हललं. चुळुक…

"मग कुणाला तरी बोलवा," तो म्हणाला. आवाज आता भिंतीपाशी नव्हता. तिच्या उजव्या हाताला होता. "कुणीतरी दुसरं यायला पाहिजे. त्याशिवाय जाता येत नाही. तुमचे ते काका निघालेत. पोचतीलच."

काकांबद्दल याला कुणी सांगितलं?

मावशी मागे वळली. ज्या दरवाजातून आली होती तो आता कितीतरी लांब दिसत होता, एखाद्या खिडकीएवढा. तिने पाय उचलायचा प्रयत्न केला. पाय उचलेनात. बधिर झाले होते. बर्फाच्या पाण्यात बराच वेळ उभं राहिल्यावर होतात तसे.

आणि बाहेर स्कूटर थांबली.

स्कूटरचा आवाज मात्र स्वच्छ आला. स्टँड लावल्याचा, फाटक करकरल्याचा. मग ओळखीची हाक.

"ताई? आत आहात का?"

"मारा हाक," तो कानाशी म्हणाला. "ते आत आले की तुम्ही मोकळ्या. एवढंच आहे. काही दुखत नाही."

मावशीने तोंड उघडलं.

त्या क्षणी आपण काय करणार होतो हे तिला आजही सांगता येत नाही. ती म्हणते, मी घाबरले होते आणि मला घरी जायचं होतं, बस. पण तोंडातून जे निघालं ते असं.

"काका, आत येऊ नका."

बाहेर काका हसले.

"सापडली वाटतं. बरं बरं. तुमचीच पहिली ताई, मी नाही येत मध्ये. झकास."

पावलं परत फिरली.

"काका, जाऊ नका. आतही येऊ नका आणि जाऊही नका."

पावलं थांबली. काका मला म्हणाले, "इतकी वर्षं गाडी चालवली बाळा. मागे कोण उगाच ओरडतंय आणि कुणाचा पाय दारात अडकलाय, हे आवाजावरून कळतं." ते बोळातून, मशीनच्या खोलीतून हॉलच्या दरवाजापर्यंत आले. त्यांना आत नुसता काळोख दिसला. मावशी दिसली नाही. टॉर्चचा उजेडही दिसला नाही.

"ताई, पडलात का?"

"नाही. उंबऱ्याच्या आत पाय टाकू नका. शपथ आहे."

"नाही टाकत. उंबऱ्याबाहेरच उभा आहे. तुम्ही आवाजाच्या रोखाने या."

"मग बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही बोला."

काकांना काही सुचेना. मग जे आयुष्यभर कानावर पडलं होतं तेच ते बोलायला लागले, कंडक्टरसारखं खणखणीत.

"चला, डेपो… डेपो…"

मावशीचा डावा पाय सुटला. तिने एक पाऊल टाकलं.

"पाण्याची टाकी… उतरणारे पुढे या…"

दुसरं पाऊल.

"मुलींची शाळा… लायब्ररी… लायब्ररीवाले कोण आहेत…"

एका स्टॉपला एक पाऊल, अशी ती चालली होती. पायाखाली धप… आणि तिच्या धपनंतर, अगदी मागे, आणखी एक धप. ती थांबली की तेही थांबायचं.

"भाजी मंडई… सांभाळून…"

धप… धप…

"सरकारी दवाखाना…"

आणि मानेमागून, अगदी हळू, तो म्हणाला, "ताई… मलाही उतरायचंय."

मावशी हे सांगताना दोन्ही वेळा इथे थांबली. पाणी प्यायली.

तिने मागे पाहिलं नाही. पण ती रडायला लागली. भीतीने की कशाने, तिला ठाऊक नाही.

स्टॉप संपत आले. काकांनी शेवटचा स्टॉप पुकारला तरी मावशी पोचली नव्हती. ते क्षणभर अडखळले, आणि त्या क्षणात तिचे पाय पुन्हा जड झाले.

"काका, थांबू नका."

"नाही, नाही. गाडी फिरवून घेत होतो," काका म्हणाले. त्यांचाही आवाज कापत होता. "चला, आता परतीची. दवाखाना… मंडई…"

आता तिला काका दिसले. दरवाजाच्या चौकटीत त्यांची सावली. एक हात चौकटीला घट्ट धरलेला, दुसरा आत लांब केलेला. पाय मात्र उंबऱ्याबाहेर. कबूल केल्याप्रमाणे.

लायब्ररीला तिने तो हात धरला. काकांनी ओढून बाहेर घेतलं.

ठण… ठण… ठण…

गॅरेजमधला हातोडा जिथे तुटला होता तिथून सुरू झाल्यासारखा ऐकू आला.

दोघं एकमेकांना धरून उभे होते. मावशीचे दात वाजत होते, तोंडावर तिने हात दाबून धरला होता. काका काहीतरी विचारणार, इतक्यात…

आतून हाक आली.

"काका… आत या ना. सापडली."

मावशीच्याच आवाजात.

काकांनी मावशीच्या तोंडाकडे पाहिलं. मग काळोखाकडे. मग तिचं मनगट धरून ते फाटकाबाहेर आले. दोन्ही स्कूटर तिथेच सोडून दोघं गॅरेजच्या उजेडापर्यंत चालत गेले. पळावंसं वाटत होतं, पण पाठ फिरवून पळायची दोघांचीही छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटर आणायला गेले तेव्हा काकांनी कारखान्याच्या रखवालदाराला सोबत घेतलं. मावशीला तो हॉल उन्हात पाहायचा होता.

रखवालदाराने दरवाजा ढकलला.

आत लाकूड नव्हतं.

एकही झाकण नव्हतं. नुसतं काळं पाणी भरलेलं टाकं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मधून गंजलेल्या लोखंडी पट्ट्या गेलेल्या, बोटभर रुंदीच्या. पाण्यात पत्र्याचे डबे बुडालेले, त्यांच्या कडा वर आलेल्या. कुणी पडलं तर डब्यांच्या मध्ये अडकून वर येणं कठीण.

दरवाजापाशी धुळीत मावशीच्या चपलेचे ठसे होते. ते टाक्याच्या काठापर्यंत गेले होते. पुढे पाणी.

"लाकूड तर मालकाने कधीच विकलं," रखवालदार म्हणाला. "तुम्ही आत गेला होतात म्हणजे कुठून?"

मावशीने उलट विचारलं, "इथे कुणी गेलं होतं का? अपघातात वगैरे?"

रखवालदाराने डोकं खाजवलं. "नाही बाई. मशीन चालू होती तेव्हापासून मी आहे इथे. कुणाला खरचटलंसुद्धा नाही."

तिने तीनतीनदा विचारलं. त्याचं उत्तर तेच. लपवत होता असंही वाटलं नाही. उलट त्याला गंमत वाटत होती.

मोबाईलवर ती डबी पुन्हा कधी दिसली नाही. मावशीच्याही आणि काकांच्याही. दोघांनी ती पाहिली होती, म्हणूनच तर दोघं तिथे गेले होते. बाकी खेळणाऱ्यांपैकी कुणालाही ती आलीच नव्हती.

मावशीने खेळ सोडला नाही. सोडेल ती मावशी कसली. पण आता दोघं बरोबर जातात, काकांच्या स्कूटरवर. डबी सापडली की दोघांचे हात एकदम आत जातात आणि चिठ्ठीवर कुणाची सही वर आली यावरून परतीच्या वाटेवर भांडण होतं. मागे एकदा काकांची सही वर आली. मावशी दोन चौक गेल्यावर म्हणाली, "झकास." काकांनी स्कूटर बाजूला घेतली म्हणे. तब्येत बरी आहे का विचारायला.

पण रविवारी ती बाहेर पडत नाही. दिवेलागणीला काकांचा फोन येतो. ते एवढंच विचारतात, "घरी आहात ना?" ती म्हणते, "आहे." फोन बंद.

मी तिला एकदा विचारलं, तुला त्या माणसाची भीती वाटते का?

ती म्हणाली, "तो वाईट नव्हता गं. त्याने मला बोटही लावलं नाही. नुसता उभा राहून कंटाळला होता. मला भीती वेगळीच वाटते. माझ्यासाठी कुणी ताटकळत असलं की मला चैन पडत नाही… एखाद्या संध्याकाळी मी उठून गेले तर?"

मागच्या रविवारी मी तिच्याकडे होते. ती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. दिवे लागले. फोन आला नाही. तिने दोनदा घड्याळाकडे पाहिलं. शेवटी मीच काकांना फोन लावला.

त्यांनी लगेच उचलला. नुसता श्वास ऐकू येत होता.

"काका?"

"बाळा…" ते अगदी दबक्या आवाजात म्हणाले. "मावशी तुझ्यासमोर आहे का? नक्की?"

"हो. भाजी चिरतेय. का?"

फोनमध्ये लांबून टकटक ऐकू आली. सावकाश. सभ्य. कुणीतरी दारात उभं राहून वाट बघत असावं तशी.

टकटक पुन्हा झाली.

"बरं," ते म्हणाले. "मग मी दार उघडत नाही."

मी मान वळवून पाहिलं. मावशीची सुरी थांबली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. मान जराशी तिरकी करून ती कशाचा तरी कानोसा घेत होती.